ठासूबाईची मुकी खोकी

तिचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. गजर लागत नव्हता. एकदा गजराचं घड्याळ आणलं होतं, पण ते वाजायच्या आधीच ही उठून त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. आठवड्याभराने शेजारणीला देऊन टाकलं. उठायचं, स्टोव्ह पेटवायचा, मुलीचं दोन वेळचं खाणं करून झाकून ठेवायचं आणि वीस मिनिटं चालत पार्सलच्या गोदामात यायचं. साडेचारला शटर वर जायचं, साडेपाचला पहिली गाडी सुटायची. मधल्या तासात आदल्या दिवशीचा माल बांधून गाडीत चढला पाहिजे. बांधायची ती, चढवायचो मी. एका छपराखाली आम्ही एकवीस वर्षं काढली. तिची एकूण एकतीस.

तिला सगळे ठासूबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं. खोकं ती ठासून भरायची, म्हणून ठासूबाई. कागदाचे बोळे सगळेच कोंबतात. ही कागद ओल्या कपड्यासारखा पिळायची आणि त्याचा पीळ कोपऱ्यात बसवायची. जड माल तळाशी, मऊ माल बाजूंनी, आणि काचेच्या शेजारी धातू नाही. सुतळी बांधून झाली की खोकं उचलून कानाशी न्यायचं आणि दोनदा हलवायचं. आत काही खुडबुडलं तर ती म्हणायची, "बोलतंय." मग सुरी चालायची आणि सगळं पहिल्यापासून. बोलणारं खोकं तिने एकतीस वर्षांत गाडीत चढू दिलं नाही. कुणी घाई केली तर त्यालाही चढू दिलं नसतं.

दुसरी परीक्षा म्हणजे ती स्वतः. बांधलेल्या खोक्यावर चढून उभी राहायची. पंचेचाळीस किलोंची बाई, पण उभी अशी राहायची की जणू खांबच. एकदा मुकादमाने हटकलं, "अहो, गिऱ्हाइकाचा माल आहे तो."

"म्हणून तर उभी आहे. फुटायचं असेल तर माझ्या पायाखाली फुटू दे. वाटेत फुटलं तर शिव्या कुणाला देऊ?"

मुकादम पुन्हा बोलला नाही. तसाही तो कामाचं कमीच बोलायचा.

बांधणीचं टेबल गुडघ्याच्या जेमतेम वर होतं. ते बसून काम करणाऱ्यासाठी केलेलं. पण बसलं की माणूस आळसावतो असं मालकाला कुणीतरी शहाण्याने सांगितलं आणि ती लागली त्याच महिन्यात स्टुलं उचलून नेली. टेबल तेवढंच राहिलं. ते उंच करावं हे ज्यांच्या डोक्यात यायला हवं होतं, त्यांनी त्या टेबलाशी कधी काम केलं नव्हतं. ती एकतीस वर्षं वाकून उभी राहिली. घरी गेल्यावर स्वयंपाकाचा ओटाही तसलाच बुटका. कोणत्या बुटक्याने बांधून घेतला होता देव जाणे.

"सुटले की आधी ओटा उंच करून घेणार," ती म्हणायची. "सरळ उभी राहून कांदा चिरणार."

"आणि मग, ताई?"

"मग काय. उभी राहणार. तुम्हाला नाही कळायचं भाऊ, उंटाला ओटे कुठे असतात."

मी उंच आहे, म्हणून उंट. गोदामात असल्या नावांनी कुणाचं वजन कमी होत नसे.

मुलगी एकच. नवरा लवकर गेला. मेला नाही, गेला. मुलीने लष्करात गाडी चालवायची नोकरी धरली, तेव्हा गल्लीला एकदम तिचा अभिमान वाटायला लागला. त्याआधी वीस वर्षं ती पोर गल्लीला दिसत नव्हती. लोक हिला येऊन सांगायचे, "धन्य आहे तुमची." ही म्हणायची, "पगार वेळेवर आहे आणि काम बसून करायचं आहे."

ज्या वर्षी ठासूबाई निवृत्त झाली, त्याच वर्षी मुलीची तुकडी परदेशात पाठवली. समुद्रापलीकडचा कुठलासा डोंगराळ मुलूख. दोन शेजारी भांडतात, तिसऱ्याने मध्ये उभं राहायचं, असलं काम. अडतीस माणसं, एक खिंड, आणि थंडी.

तिने पोरीला एक पार्सल केलं. ते दोन महिन्यांनी जसंच्या तसं परत आलं. मागोमाग पोरीचं पत्र. ती आईसारखीच, चार ओळींच्या पुढे जात नाही. तिने लिहिलं होतं की इथे एकाच्या नावाने पार्सल घेत नाहीत. तुकडीत एकाला घरून सारखं काहीबाही यायचं आणि बाकीचे बघत बसायचे. एकदा कॉफीच्या बरणीवरून मारामारी झाली. तेव्हापासून साहेबांचा हुकूम आहे: यायचं तर अडतीस जणांना सारखं, नाहीतर कुणालाच नको.

हुकूम मला पटला. पण अडतीस खोकी भरणं एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून ती समितीकडे गेली.

आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ही समिती बसायची. परदेशातल्या जवानांना भेटी पाठवायच्या, हा तिचा उद्देश. अकरा सभासद होते आणि त्यांतल्या नऊ जणांचं काम बसणं हेच होतं. प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांचा आवाज असा की शेवटच्या बाकावर ऐकू जावा, मग समोर एकच माणूस का असेना.

"आपण काय करत होता?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"खोकी बांधत होते."

"अरे वा. मग रिबिनी तुम्ही बांधा."

ठासूबाईने एक खोकं उचललं. चकचकीत कागद, वर लाल रिबिनीचं फूल. सवयीने कानाशी नेलं आणि हलवलं. मला तिने नंतर सांगितलं, "भाऊ, ते नुसतं बोलत नव्हतं. भाषण करत होतं."

आत काय होतं ते सांगतो. बिस्किटं, गोळ्यांचा डबा, पत्त्यांचा जोड, आरसा, सुगंधी साबण आणि मोठ्या बाईंचा जवानांना संदेश, काचेच्या चौकटीत बसवलेला. वरचा थर भरगच्च दिसावा म्हणून माल वर रचलेला. खाली नुसती हवा.

"बाई, ही उघडावी लागतील," ठासूबाई म्हणाली.

"का बरं?"

"खाली हवा आहे."

"हवेला वजन नसतं. उलट टपालाला बरंच की."

"हवेला नसतं. पण याच्यावर दुसरं खोकं चढतं, त्याला असतं. आणि साबण नि बिस्किटं शेजारी ठेवलीत."

"अहो, साबण भारीतला आहे. वास बघा किती छान."

"म्हणूनच म्हणते."

सभासद हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत, त्या समजूतदार होत्या. म्हणाल्या, "तुमच्या अनुभवाचा मला आदर आहे. पण हा तुमच्या गोदामातला माल नाही. या भेटी आहेत."

हा फरक टपालाच्या पोत्याला कळत नाही. ते दोघांनाही सारखंच आपटतं.

ठासूबाई गप्प बसली आणि तिने अडतीस रिबिनी बांधल्या. आयुष्यात एकदाच ती असं गप्प बसली. ही तिची चूक, आणि तिने ती पुढे कधी दुसऱ्यावर ढकलली नाही.

पोरीचं पत्र आलं. ते मी वाचलं आहे, कारण तिने माझ्यासमोर टाकलं आणि पाठ वळवली. लिहिलं होतं: "आई, खोकी आली. बिस्किटांना साबणाची चव आणि त्यात काचा. साहेबांनी सगळं पुरायला लावलं. रिबिनी मजबूत आहेत, त्यांनी तंबूचं दार बांधतो. इथे मोजे वाळत नाहीत, ओलेच घालावे लागतात. माझ्या शेजारच्याच्या पायाची दोन बोटं कापली. माझी अजून आहेत. कुणी काही पाठवणार असेल तर जाड लोकरी मोजे पाठवा म्हणावं, हिवाळ्याआधी."

"अजून," ठासूबाई एवढंच म्हणाली. त्या पत्रातला तेवढा एकच शब्द तिने धरला होता.

पत्र घेऊन ती समितीत गेली. तिथे दुसऱ्या खेपेची तयारी चालली होती. काचा फुटल्याचं ऐकून सगळ्यांना वाईट वाटलं. मग ठरलं की या वेळी आरसा काढावा आणि संदेशाची चौकट मोठी करावी, म्हणजे ती खोक्यात घट्ट बसेल आणि हलणार नाही. नाकाने कांदे सोलणाऱ्यांच्या घरी सुरी लागत नाही, तशी ही बुद्धी.

"आणि मोजे?" ठासूबाईने विचारलं.

"मोजे?" एक सभासद म्हणाल्या. "भेट म्हणून?"

"पायात घालायला म्हणून."

मोठ्या बाई म्हणाल्या, "कपडे देणं हे सरकारचं काम आहे. आपण भावना पाठवतो. आणि खरं सांगू का, मंचावर मोजे दाखवायचे कसे? पाहुण्यांच्या हातात मोजे द्यायचे?"

तेव्हा कळलं की समारंभ आहे. महिन्याच्या एकोणतीस तारखेला कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि खोकी त्यांच्या हस्ते रवाना होणार होती. पाहुण्यांना त्याआधी सवड नव्हती.

ठासूबाई तिथून तडक टपाल कचेरीत गेली. पार्सलच्या खिडकीवरचा कारकून तिला ओळखत होता. बांधणी धड असलेली पार्सलं त्याच्याकडे फारशी येत नसत, म्हणून ती आणणारी बाई त्याच्या लक्षात राहिली होती. त्याने तक्ता काढून बोट फिरवलं.

"वीस तारखेच्या जहाजाचं पोतं शेवटचं. त्यानंतर गेलेलं बंदरात पडून राहतं. वर खिंड बंद होते ना. मग बर्फ वितळेपर्यंत कोण नेतो."

ती परत वाचनालयात गेली. जिने चढून. गुडघे दुखत असताना एकच जिना दिवसात दोनदा चढायला लावणाऱ्या माणसांबद्दल मला काय वाटतं ते मी लिहीत नाही.

"वीसच्या आत गेली पाहिजेत, बाई. नाहीतर हिवाळ्यानंतर पोचतील."

"भेट उशिरा पोचली तरी भेटच असते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मोजे उशिरा पोचले तर बोट नसतं."

"तुमची मुलगी तिथे आहे, मी समजू शकते. पण एका मुलीसाठी सगळा कार्यक्रम बदलता येत नाही."

यावर ठासूबाईने वाद घातला नाही. ती म्हणाली, "मग समारंभापर्यंत सभागृहाची झाडलोट मी करत जाईन. पहाटे येईन. किल्ली द्या."

किल्ली लगेच मिळाली. झाडू धरायला कुणी हात पुढे केला की समित्या प्रश्न विचारत नाहीत.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. आत आली नाही.

"भाऊ, गोदामातून जाड खोकी मिळतील का? चाळीस. वापरलेली चालतील, ओली झालेली नकोत."

"मिळतील. आत काय भरायचं?"

"त्यांचाच माल. आणि मोजे."

"मोजे कोण देतंय?"

"मी."

मला हिशोब लागायला वेळ लागला नाही. निवृत्तीला मिळालेली रक्कम तिच्याजवळ होती आणि दुसरं काही नव्हतं.

"ओट्याचं काय, ताई?"

"ओटा कुठे पळून जातोय? बोटं पळतात."

लोकरीच्या दुकानात मी बरोबर गेलो. दुकानदाराने गठ्ठा टाकला आणि म्हणाला, एक नंबर. तिने एक मोजा घेतला, उलटा केला, दुकानातल्याच तांब्याखाली भिजवला आणि पिळला. पाणी रंगीत आलं. दुसरा गठ्ठा. तोही परत. तिसऱ्या गठ्ठ्यातला मोजा पिळल्यावर फुलला, तेव्हा तिने अडतीस जोड मोजून घेतले आणि प्रत्येक जोडात हात घालून शिवण चाचपली. दुकानदार म्हणाला, "बाई, लग्नाचं पातळ घेतानाही कुणी एवढं बघत नाही."

"पातळात पाय गोठत नाहीत."

शेजारच्या औषधाच्या दुकानातून पायाच्या भेगांचं मलम. तेही अडतीस.

सतरा, अठरा, एकोणीस. तीन पहाटा. मी गोदामात चार दिवसांची रजा टाकली. साडेचारला वाचनालयाचं दार उघडायचं आणि आठला बंद. नऊला ग्रंथपाल यायचा. पावणेचारला उठायची तिची सवय निवृत्तीनंतरही मोडली नव्हती, ती पहिल्यांदा स्वतःच्या कामी आली.

सभागृहात रचून ठेवलेली चकचकीत खोकी तिने रिबिनीच्या गाठी सोडून उघडली, कापली नाहीत. आतला माल काढला. कागदाच्या पिळांची या वेळी गरजच नव्हती. बिस्किटांचा पुडा एका मोज्यात, गोळ्यांचा डबा दुसऱ्यात, मलमाची नळी मधल्या फटीत, पत्ते बाजूला खिळीसारखे ठोकून बसवलेले. मोजे हाच माल आणि मोजे हेच भरण. तिचं बघत राहावं असं काम होतं, पण बघत राहिलो असतो तर तिने हाकललं असतं. साबण सगळे एकत्र करून वेगळ्या खोक्यात भरले. वर लिहिलं, "सगळ्यांसाठी. खाण्यापासून लांब ठेवा." ते एकोणचाळीसावं. पाठवणाऱ्याच्या जागी सगळ्या खोक्यांवर समितीचंच नाव घातलं.

"तुमचं घाला की," मी म्हणालो.

"त्यांची बिस्किटं आहेत. चोरी करायला आले नाही मी, बांधायला आलेय."

बांधून झालं की ती खोक्यावर उभी राहायची. आता तिला चढायला माझा हात लागायचा. मी हात द्यायचो, ती चढायची, मनात पाच मोजायची, उतरायची. एकोणचाळीस वेळा. दुसऱ्या दिवशी एक खोकं कानाशी नेल्यावर बोललं. ते मी बांधलेलं होतं. गोळ्यांचा डबा अर्धा रिकामा होता आणि मी तो तसाच ठेवला होता. तिने सुतळी कापली, डबा काढला, त्यात मोज्याचा पंजा कोंबला आणि पुन्हा बांधलं.

"भाऊ, हमालाने हमाली करावी."

मला राग आला नाही. खोकं बोलत होतं, त्याला मी काय करणार.

राहिल्या चौकटी. मोठ्या बाईंचे अडतीस संदेश, मोठ्या काचेत. ते तिने चकचकीत खोक्यांत परत ठेवले, एकेकात एकेक, आणि रिबिनीची फुलं होती तशी बांधली. एक खोकं हलवून पाहिलं. आत चौकट खडखडली.

"हे राहू दे," ती म्हणाली. "त्यांना बोलणारीच आवडतात."

वीस तारखेला सकाळी हातगाडीच्या तीन खेपा करून आम्ही माल टपाल कचेरीत नेला. कारकुनाने पहिलं खोकं उचललं, हलवलं.

"आवाज येत नाही. रिकामं आहे का?"

"भरलंय, म्हणून येत नाही."

त्याने वजन केलं आणि तिच्याकडे पाहिलं. मग उरलेली खोकी हलवलीच नाहीत. एकोणचाळीस पार्सलांचं परदेशी टपालाचं हशील तिने तिथेच भरलं. पिशवीतून नोटा काढून तिने एकेक मोजून दिली. मी बघत होतो.

एकोणतीसचा समारंभ मी शेवटच्या रांगेत उभा राहून पाहिला. खुर्च्या सभासदांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी होत्या. मंचावर अडतीस चकचकीत खोक्यांचा डोंगर. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि एवढ्या व्यापातून वेळ काढल्याबद्दल त्यांचे तिघांनी आभार मानले. मोठ्या बाई पंचवीस मिनिटं बोलल्या. मग पाहुण्यांच्या हातात एक खोकं दिलं.

मी त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. खोकं उचलताना माणसाच्या खांद्यावरून कळतं की आत काय आहे. किलोभर वजन असेल अशा बेताने हात लावला आणि ते पिसासारखं वर आलं तर खांदा उडतो. पाहुण्यांचा खांदा उडाला नाही. कधी काही उचललंच नसेल तर जड काय नि हलकं काय. त्यांनी खोकं फोटोसाठी वर धरलं, ते खडखडलं, आणि ते म्हणाले, "ऐका. यात आपल्या सगळ्यांचं प्रेम ठासून भरलेलं आहे."

टाळ्या पडल्या. बडा घर पोकळ वासा ही म्हण लहानपणी ऐकली होती, वासा डोळ्यांनी पाहिला तो त्या दिवशी. ठासूबाई मंचाच्या कडेला रिकाम्या कपबश्या गोळा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

लोक पांगल्यावर मला बोलावलं. खोकी टपालात टाकायची होती आणि हमाल हवा होता. मी दोन्ही हातांत मिळून अकरा घेतली आणि जिन्याकडे निघालो.

"अहो, एवढी एकदम?" मोठ्या बाई म्हणाल्या. "पडतील."

"पडली तरी काही बिघडत नाही, बाई."

त्या मूर्ख नव्हत्या, हे सांगायला हवं. चाळीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेली बाई. त्यांनी माझ्या हातातलं वरचं खोकं काढलं, रिबीन ओढली, झाकण उघडलं. आतून त्यांचाच संदेश त्यांच्याकडे बघत होता.

"हे काय आहे?"

ठासूबाईने कपबश्यांचा ट्रे खाली ठेवला, पदराच्या गाठीतून पावत्यांची चवड काढली आणि टेबलावर ठेवली. "माल वीस तारखेला गेला, बाई. तुमच्याच नावाने गेलाय. पावत्या या."

"आणि आम्ही आज पाहुण्यांच्या हातात..."

"खोकं दिलंत. खोकंच होतं ते."

"हा विश्वासघात आहे."

"असेल."

"तुम्हाला सगळ्यांसमोर जाब द्यावा लागेल."

"देईन की. पाहुण्यांना पण बोलवा."

मोठ्या बाईंनी सभासदांकडे पाहिलं. सभासदांनी रिबिनींकडे पाहिलं. पाहुण्यांनी रिकाम्या खोक्याची स्तुती केली आणि समितीने टाळ्या वाजवल्या, हे कुणाला सांगायचं आणि कसं, याचा विचार प्रत्येक जण आपापल्या परीने करत होता. शेवटी मोठ्या बाईंनी एक चौकट उचलली.

"निदान संदेश तरी पाठवायचे होते."

"ते इथेच राहू द्या," ठासूबाई म्हणाली. "इथे जास्त वाचले जातील."

तिने किल्ली पावत्यांवर ठेवली. त्या जिन्यावर ती पुन्हा चढली नाही.

समितीच्या वार्षिक अहवालात छापून आलं की हिवाळ्यापूर्वी एकोणचाळीस पेट्या वेळेत रवाना करण्यात समितीला यश आलं. टपालखर्चासाठी काढून ठेवलेल्या रकमेचं काय झालं, हे मी विचारलं नाही. पुढच्या कार्यक्रमाला मंचाला नवीन पडदे होते, एवढं पाहिलं. समारंभाचा फोटो वाचनालयाच्या भिंतीवर आहे. पाहुणे, मोठ्या बाई, खोकं. उजव्या कडेला एक कोपर आणि कपबशी दिसते. ते कोपर तिचं आहे.

दोन महिने ती रोज टपालवाल्याच्या वेळेला दारात उभी राहायची. वाट बघतेय असं कुणी म्हणू नये म्हणून हातात झाडू. ते अंगण मी कधी एवढं स्वच्छ पाहिलं नव्हतं. मी जाता-येता विचारायचो, ती मान हलवायची. एका दुपारी ती स्वतःच माझ्या दारात आली आणि पहिल्यांदाच आत येऊन बसली. पत्र माझ्या हातात दिलं.

"आई, सगळी खोकी आली. एकही बोललं नाही, तेव्हाच ओळखलं कुणी बांधलीत ते. साहेबांनी स्वतः एक हलवून पाहिलं आणि विचारलं, हे कुणाचं काम. मी सांगितलं. मोजे सगळ्यांच्या पायात आहेत. उद्या खिंड बंद होते, हे पत्र शेवटच्या गाडीबरोबर देतेय. माझी बोटं मोजली. दहा."

"दहा," मी म्हणालो.

"वाचता येतं मला," ती म्हणाली. मग पत्र परत घेतलं, चार घड्या घातल्या आणि घडीवरून नख फिरवलं, खोक्याच्या झाकणाची कड बसवायची तसं.

परवा तिच्या घरी गेलो होतो. ती त्याच बुटक्या ओट्याशी वाकून कांदा चिरत होती, गोदामातल्या टेबलाशी वाकायची तशीच. मी म्हणालो, विटा आणतो, निदान चिरायच्या पाटाखाली तरी लावू. ती म्हणाली, उंटाने ओट्याच्या भानगडीत पडू नये. ओट्यासाठी आता काही उरलं नव्हतं. एकतीस वर्षं पावणेचारला उठून कमावलेल्या मजुरीचे शेवटी अडतीस जोड लोकरी मोजे झाले: सदतीस परक्यांचे आणि एक घरचा.